खारे सरोवर आणि त्यावरील नगर

हमरस्त्यावरील लहान गावांचा इतिहास बहुधा एकाच रीतीने घडतो. आधी वाट असते. वाटेवर घाटाचा पायथा येतो, नदीचा उतार येतो, किंवा दिवसाची मजल संपते. तेथे वाटसरू मुक्काम करू लागतात. मग कोणी पुण्यवान विहीर खणतो, कोणी धर्मशाळा बांधतो; त्यामागून वाणी येतो, लोहार येतो, आणि दोन-तीन पिढ्यांत तेथे गाव उभे राहते. बोरघाटाच्या पायथ्याची खोपोली या प्रकारचे चांगले उदाहरण होय. नाना फडणवीसांनी तेथे तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधविले. १८३० साली घाटातून गाड्यांचा रस्ता झाला आणि मुक्कामाच्या जागेचे हळूहळू गाव झाले. अशा गावांच्या कुळकथेत पाण्याला मानाचे स्थान असते. माणसांनी राहावे म्हणून तेथे पाणी साठविलेले असते.

आज ज्या नगराविषयी बोलावयाचे आहे, त्याची कथा याच्या अगदी उलट आहे. येथे माणसांनी राहावे म्हणून पाणी हटविण्यात आले. वाट, वस्ती आणि पायाखालची माती ही तिन्ही येथे एकाच पिढीने निर्माण केली. कोलकात्याच्या ईशान्येस, दमदमच्या विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत वसलेले हे नगर म्हणजे सॉल्ट लेक. त्याचे सरकारी नाव बिधाननगर. परंतु तेथे राहणारा मनुष्य आपला पत्ता सांगताना बहुधा ‘सॉल्ट लेक’ असेच सांगतो. सरोवर गेले, मीठही गेले. नाव मात्र राहिले.

नोकरीच्या निमित्ताने या नगरात राहण्याचा योग मला आला. रुंद रस्ते, रांगेने लावलेली झाडे, मध्यभागी हिरवी वर्तुळे, आणि घरांच्या समूहांना नावांऐवजी इंग्रजी वर्णमालेतील दोन-दोन अक्षरे. बसथांब्यांपैकी काहींची ओळख पाण्याच्या उंच टाक्यांच्या क्रमांकांवरून होते. ‘चार नंबर टाकी’ म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. नवख्या माणसास वाटते की, या गावाला इतिहासच नसावा. माझीही प्रथम तीच समजूत झाली होती. ती चुकीची होती, हे कळावयास मला काही दिवस लागले.

हा इतिहास समजावयाचा तर कलकत्त्याच्या भूमीचा उतार प्रथम लक्षात घ्यावा लागतो. (२००१ साली शहराचे नाव अधिकृतपणे कोलकाता झाले, जुन्या काळासंबंधी बोलताना मी कलकत्ता असेच म्हणणार आहे.) हे शहर हुगळी नदीच्या पूर्व काठावर आहे, परंतु शहराचे पाणी स्वभावतः हुगळीकडे वाहत नाही. नदीने शतकानुशतके आपल्या काठावर गाळ टाकून तो उंच केला आहे, आणि जमीन तेथून पूर्वेकडे उतरत जाते. त्या उताराच्या तळाशी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. विद्याधरी नावाच्या खाडीवजा नदीतून समुद्राची भरती थेट तेथवर येत असे आणि ओहोटीबरोबर परत जात असे. जॉब चार्नॉकने १६९० साली सुतानुटी येथे इंग्रजांचे ठाणे वसविले, तेव्हापासून ही दलदल शहराच्या पाठीशी होती. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या १७२७ सालच्या प्रवासग्रंथात चार्नॉकला जागेच्या निवडीबद्दल दोष दिला आहे. पावसाळ्याच्या अखेरीस हे सरोवर पसरते, पुढे पाणी ओसरले म्हणजे मासे कोरड्या जमिनीवर पडून कुजतात, आणि त्या दुर्गंधीने शहरात रोगराई माजते, अशी त्याची तक्रार होती.

या शहराच्या पूर्व सीमेशी आपल्या लोकांचाही एक संबंध आहे, आणि महाराष्ट्रीय श्रोत्यांस तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वाऱ्या बंगालवर सुरू झाल्या. कलकत्त्याच्या रहिवाशांना मोठी दहशत पडली आणि शहराभोवती खंदक खणण्याचे ठरले. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले, आणि मराठे येत नाहीत असे पाहून काम थांबले. भास्करराम १७४४ साली मानकरा येथे भेटीस गेले असता दग्याने मारले गेले. १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने वार्षिक बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि स्वाऱ्या थांबल्या. मराठ्यांसाठी खणलेला खंदक मराठ्यांनी कधी ओलांडला नाही. १७५६ साली सिराजउद्दौला शहरावर चालून आला, तेव्हा त्याला तो अडवू शकला नाही. पुढे १७९९ साली त्याचा बराचसा भाग बुजवून तेथून सर्क्युलर रोड काढण्यात आला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली तेवढी त्याची आठवण ठेवून आहे. बंगालमधील आया आजही मुलांना निजविताना अंगाईत बर्गींचे भय घालतात, हे ऐकून आपल्याला हसू येते. परंतु ज्या खेड्यांनी ती लूट सोसली त्यांच्या दृष्टीने ती हसण्याची गोष्ट नव्हती, हेही आपण प्रांजळपणे मानले पाहिजे.

या खंदकाने शहराची सीमा ठरविली, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. खंदकाच्या आत शहर, बाहेर बागा, भातशेती आणि त्यापलीकडे खारी दलदल, अशी विभागणी पुढे दीर्घकाळ टिकली. शहराला जे नकोसे होते, ते सारे पूर्वेकडे लोटले जाऊ लागले. विल्यम क्लार्क या अभियंत्याने १८५५ साली भूमिगत गटारांची योजना मांडली आणि १८७५ च्या सुमारास ती पुरी झाली. शहराचे सांडपाणी त्या योजनेने खाऱ्या सरोवरांकडे जाऊ लागले. धापा येथे शहराचा केरकचरा पडू लागला, आणि त्याच कचऱ्याच्या खतावर भाजीपाल्याचे मळे पिकू लागले.

इकडे विद्याधरी मात्र मरणपंथास लागली होती. कोकणातील खाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे कारण चटकन उमगेल. भरतीचे पाणी गाळ घेऊन वर येते, दलदलीत पसरते, आणि ओहोटीच्या वेळी तेच पाणी जोराने परतताना नदीचे पात्र खरडून साफ करते. पाण्याला पसरावयास जितकी जागा अधिक, तितका ओहोटीचा जोर अधिक. सरोवराच्या भागांना बांध घातले गेले, कालव्यांनी प्रवाह वळविले गेले, वरच्या अंगाचे गोडे पाणी तुटले, आणि त्यात शहराच्या सांडपाण्याच्या गाळाची भर पडली. ओहोटीचा जोर कमी झाला. गाळ पात्रातच बसू लागला. १९२८ साली विद्याधरी मृत नदी म्हणून जाहीर करण्यात आली. त्यानंतर शहराचे सांडपाणी दूरच्या कुल्टी नदीत नेऊन सोडण्यासाठी डॉ. बी. एन. डे या अभियंत्यांच्या योजनेप्रमाणे नवे कालवे खणावे लागले. ते काम १९४३ साली पुरे झाले.

तरीही या सरोवराला शेवटपर्यंत ‘खारे’ म्हणवून घेण्याचा अधिकार होता, याची साक्ष १९३० साली मिळाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये गांधीजींच्या हाकेला अनुसरून खादी प्रतिष्ठानचे सतीशचंद्र दासगुप्त आपल्या स्वयंसेवकांसह सरोवराच्या काठावरील महिषबाथान या गावी गेले, आणि तेथील खाऱ्या मातीपासून त्यांनी मीठ केले. आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला जे घडले, तेच बंगालमध्ये या दलदलीच्या काठावर घडले. आज महिषबाथानच्या अगदी लगत संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींत रोज येणाऱ्या तरुणांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल, ते सांगता येत नाही.

नदी मेली, तरी सरोवर पडीक राहिले नाही. ते पडीक होते ही समजूत पुढे नगर बांधण्याच्या कामी फार उपयोगी पडली, म्हणून तिची शहानिशा करणे अवश्य आहे. भरतीचे खारे पाणी येईनासे झाल्यावर येथील मत्स्यपालकांनी आपल्या बांधलेल्या तळ्यांत, ज्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात त्यांत, शहराचे सांडपाणी बेताबेताने घेण्यास आरंभ केला. या तळ्यांची खोली पुरुषभरही नसते. हिवाळ्यात तळे उपसून तळ वाळवितात. मग सांडपाणी घेऊन ते काही दिवस उन्हात स्थिर ठेवतात. सूर्यप्रकाशात त्यात सूक्ष्म शेवाळ वाढते, पाणी निवळते, आणि त्या शेवाळावर व सूक्ष्म जीवांवर रोहू, कातला, मृगळ हे मासे पोसतात. काठावर जलपर्णीचा पट्टा राखतात. तो लाटांपासून बांध सांभाळतो आणि पाण्यातील दूषित द्रव्येही शोषून घेतो. या मार्गाने शहराची घाण स्वच्छ होत होती आणि शहराच्या ताटात स्वस्त मासळी पडत होती. कोणत्याही विद्यापीठाने ही विद्या या लोकांना शिकविली नव्हती. पिढ्यान्पिढ्या पाण्याचा रंग पाहून आणि वास घेऊन त्यांनी ती कमावली होती.

असे असता येथे नगर बांधण्याचे का ठरले? त्याचे कारण फाळणीत आहे. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेले सुमारे २१ लाख निर्वासित मोजले गेले. सियालदह स्थानकाच्या फलाटांवर कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने राहत होती. शहराच्या पश्चिमेस नदी. उत्तर-दक्षिणेस वस्ती आधीच दाटलेली. १९४८ च्या जानेवारीपासून मुख्यमंत्री असलेल्या डॉ. बिधानचंद्र रॉय यांची दृष्टी पूर्वेकडे वळली. वैद्यकीत त्यांचा लौकिक असा होता की, रोग्याकडे पाहूनच ते निदान करीत. शहराच्या दुखण्याचेही निदान त्यांनी त्याच आत्मविश्वासाने केले. नेडेको या डच संस्थेकडून पाहणी करविण्यात आली. समुद्र हटवून देश वसविण्याची डच लोकांची ख्याती सर्वश्रुतच आहे. त्यानंतर जागतिक निविदा मागविण्यात आल्या आणि काम युगोस्लाव्हियातील इन्व्हेस्ट-इम्पोर्ट या संस्थेकडे गेले. नगराचा आराखडा दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुशास्त्रज्ञाने तयार केला.

१६ एप्रिल १९६२ रोजी डॉ. रॉय यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. त्यांचे निधन त्याच वर्षी १ जुलैला, म्हणजे त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीच झाले. आपल्या नावाचे नगर त्यांना पाहावयास मिळाले नाही. कामाची रीत मोठी कल्पक होती. हुगळीच्या पात्रात गाळ साचून बंदराच्या वाहतुकीस अडथळा होतच होता. तो गाळ यंत्रांनी उपसून पाण्यात कालवावयाचा, लांबवर टाकलेल्या नळांतून सरोवरापर्यंत वाहून न्यावयाचा, आणि तेथे सोडावयाचा. पाणी निथळून जाई, वाळू आणि माती मागे राही. एका नदीने शतकांच्या ओघात केले असते ते काम पंपांनी काही वर्षांत केले. १९६० चे दशक संपता संपता जेथे होड्या चालत होत्या तेथे कोरडी जमीन दिसू लागली. आपल्याकडे मुंबईची सात बेटे जोडताना हॉर्नबी वेलार्डपासून बॅकबेपर्यंत हाच उद्योग चालला होता. फरक इतकाच की, मुंबईस त्याला दीडशे वर्षांहून अधिक लागली.

या नव्या जमिनीवर पहिली मोठी वस्ती कोणाची झाली? आराखड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांची नव्हे. १९७१ साली पूर्व बंगालमध्ये अत्याचारांचा कहर झाला आणि लक्षावधी माणसे सीमा ओलांडून आली. सॉल्ट लेकच्या उघड्या माळावर त्यांची एक प्रचंड छावणी पडली. तिच्यातील माणसांचा आकडा अडीच लाखांच्या घरात गेला होता. नगराच्या गटारांसाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळांत कुटुंबे राहत होती. त्यांची छायाचित्रे तेव्हा साऱ्या जगाने पाहिली. मदर तेरेसा यांच्या भगिनींनी येथे रोग्यांची शुश्रूषा केली. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये छावणी पाहून गेले. डिसेंबरात बांगलादेश स्वतंत्र झाला, पुढच्या काही महिन्यांत छावणी रिकामी झाली. १९७२ च्या डिसेंबरात त्याच परिसरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या वेळी इंदिरा गांधींच्या निवासासाठी बांधलेल्या घरात पुढे ज्योती बसू दीर्घकाळ राहिले.

त्यानंतर नगर खऱ्या अर्थाने वसू लागले. घरांसाठी भूखंड ९९९ वर्षांच्या पट्ट्याने देण्यात आले. पहिले तीन विभाग मुख्यत्वे निवासाचे, पाचवा उद्योगांचा. १९८४ च्या जानेवारीत येथील विस्तीर्ण क्रीडांगण खुले झाले. राज्य व केंद्र सरकारांच्या कचेऱ्या आल्या. पाचव्या विभागात आधी विद्युत्-उपकरणांचे आणि मग संगणकांचे व्यवसाय आले. १३ फेब्रुवारी २०२० रोजी मेट्रोचा पहिला टप्पा पाचव्या विभागापासून क्रीडांगणापर्यंत सुरू झाला. त्याच मार्गाचा पुढचा भाग २०२४ च्या मार्चपासून हुगळीच्या तळाखालून जातो. ज्या नदीचा गाळ उपसून हे नगर उभे राहिले, तिच्याच खालून जाणाऱ्या मार्गाशी ते आता जोडलेले आहे.

येथवरची हकीकत पराक्रमाची आहे आणि तो पराक्रम नाकारण्याचे कारण नाही. दाटीवाटीच्या शहराला या नगराने मोकळा श्वास दिला. परंतु इतिहास लिहिताना वसलेल्यांबरोबर उठलेल्यांचाही हिशोब ठेवावा लागतो. भेरी संपादित झाल्या तेव्हा मालकांना मोबदल्याचा हक्क होता; परंतु तळ्यांवर जाळे ओढणारा, बांध राखणारा, पहाटे मासळी डोक्यावरून बाजारात नेणारा जो माणूस, त्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. संपादनाच्या कागदांत जमीन आणि मालक यांना रकाना असतो. तिच्यावर राबणाऱ्याला बहुधा नसतो. सरकारी नोकरीत असे कागद मी पुष्कळ हाताळले आहेत, म्हणून हे अनुभवाने सांगतो. अशा माणसांपैकी कित्येकांच्या घरच्या पुढील पिढ्या याच नगरात घरकामाला, रिक्षा ओढावयाला आणि इमारतींच्या पहाऱ्याला आल्या.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाजणांवर ते नगर उभे राहिले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तेथील लोकांनी आंदोलन केले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. कोलकात्यात सॉल्ट लेकचे क्रीडांगण गजबजले, तोच हा महिना. त्या बलिदानातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. सॉल्ट लेकमधील तळ्यांवर राबणाऱ्यांच्या वाट्याला असा टक्का आला नाही.

तथापि या कथेचा शेवट केवळ हानीचा नाही. नगराच्या दक्षिणेस आणि पूर्वेस सरोवराचा मोठा भाग अजून शिल्लक आहे. ध्रुवज्योती घोष (१९४७–२०१८) हे राज्य सरकारच्या सेवेतील अभियंते. शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते, याचा शोध घेत ते १९८० च्या दशकाच्या आरंभी भेरींवर पोहोचले, आणि मच्छीमारांकडून जे शिकले ते त्यांनी जगापुढे मांडले. शहराने शुद्धीकरणाचे मोठे कारखाने उभारले नव्हते, कारण हे काम ऊन, शेवाळ आणि मासे विनावेतन करीत होते. रोजच्या सुमारे ७५ कोटी लिटर सांडपाण्याचा प्रश्न होता. तळी आणखी बुजविण्याचे बेत पुढे आले, तेव्हा एका नागरिक-संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यास प्रतिबंध केला. १९ ऑगस्ट २००२ रोजी १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्य झाला. २००६ साली त्याच्या संरक्षणासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. कायदा झाला म्हणून लोभ थांबतो असे नाही; रात्रीत तळे बुजवून सकाळी तेथे भिंत उभी राहिल्याच्या तक्रारी अजूनही येतात.

पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी सॉल्ट लेकच्या रस्त्यावर पाणी तुंबते, तेव्हा लोक नगरपालिकेस बोल लावतात. तो बोल रास्तही असेल. परंतु जमिनीचा उतार अद्याप पूर्वेकडेच आहे, आणि पाणी आपली जुनी वाट विसरलेले नाही. त्याला जावयास जी उरलीसुरली तळी आहेत, ती त्या मच्छीमारांच्या बांधांनी राखलेली आहेत. ज्यांना एकदा हटवून हे नगर वसले, त्यांच्याच भाईबंदांच्या राबण्यावर आज त्याचे कोरडेपण अवलंबून आहे. खोपोलीचा तलाव खणविणाऱ्याला गावाच्या इतिहासात नाव मिळाले. सॉल्ट लेकचा इतिहास जेव्हा विस्ताराने लिहिला जाईल, तेव्हा आराखडा काढणाऱ्यांच्या नावांबरोबर भेरीवरच्या त्या अनामिक माणसालाही त्यात एक रकाना मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.